रंगाखालचं पाणी

काशीच्या राजा घाटाला जुन्या काळी अमृतराव घाट म्हणत. यशवंतराव होळकरांनी पुणे घेतल्यावर काही महिने तिथला कारभार पाहिलेले अमृतराव पेशवे पुढे काशीला येऊन राहिले आणि 1824 साली तिथेच वारले. आज या घाटाच्या पायऱ्यांना लागणाऱ्या नावा बहुतेक लाकडी आहेत. त्या काठावर उपड्या घालायच्या, फटी ठोकून बुजवायच्या, वर डांबर फासायचं, हे काम ठरलेलं. ते पाहून कोकणातला माणूस सहज म्हणून जातो: फायबरची करा, कटकट संपेल. शिवाय गंगेचं पाणी गोडं, म्हणजे काळजीच नको.

दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसरा तर जास्तच.

फायबरच्या होडीचं अंग काचतंतू आणि रेझिनचं असतं. त्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा जेलकोट. तो पाणी अडवतो, पण पुरतं नाही. थोडी ओल वर्षानुवर्षं आत झिरपत राहते आणि रेझिनमधले विरघळणारे अंश तिच्यात उतरतात. असं दाट द्रावण आत साचलं की बाहेरचं पातळ पाणी त्याच्याकडे ओढलं जातं, दाब वाढतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. बाहेरच्या पाण्यात मीठ जितकं कमी, तितकी ही ओढ जोरकस. त्यामुळे असे फोड समुद्रापेक्षा नदीत आणि तलावात लवकर धरतात. फोड टोचला तर चिकट पाणी उडतं आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

अशा फोडावर नुसती लांबी भरून रंग मारणं म्हणजे ते पाणी आत कोंडणं. फोड घासून उघडायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा आणि सुकू द्यायचा. हे सुकणं एका उन्हाचं काम नाही, त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. पुरतं सुकल्यावर इपॉक्सीची लांबी, आणि तिच्यावर इपॉक्सीचे पाच-सहा हात.

इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो: लांबी ती लांबी, गाडीची चालेल. गाडीच्या पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती ओल शोषते. पाण्याच्या रेषेच्या वर, बारीक खड्ड्याला ती एक वेळ चालून जाईल. रेषेखाली मात्र ती वापरूच नये.

जेलकोट म्हणजे जाड रंग, असंही बरेच जण धरून चालतात. कारखान्यात तो साच्यात सगळ्यात आधी मारतात. त्याचा एक पृष्ठभाग साच्याला चिकटलेला असतो, दुसऱ्यावर काचकापड बसतं, म्हणजे हवा लागतच नाही. दुरुस्तीत तोच जेलकोट उघड्यावर मारला की हवेतला ऑक्सिजन त्याचा वरचा थर घट्ट होऊ देत नाही आणि तो चिकट राहतो. मग कारागिराला वाटतं हार्डनर कमी पडला, आणि पुढच्या वेळी तो जास्त ओततो. वास्तविक शेवटच्या हातात मेण घातलेलं द्रावण मिसळावं लागतं, किंवा वर हवा अडवणारा पातळ थर द्यावा लागतो. हार्डनरचं प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के. डबा काय सांगतो ते वाचावं, अंदाजाने ओतू नये. आणि एक गोष्ट जिवाची: रेझिनबरोबर मिळणारा कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. एक रेझिनमध्ये पुरता ढवळून झाल्यावरच दुसरा घालायचा.

इपॉक्सीने भोक बुजवलं, आता वर जेलकोट मारू, हाही बेत बहुतेकदा फसतो. पॉलिएस्टरचा जेलकोट इपॉक्सीवर भरवशाने धरत नाही. उलट इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर उत्तम धरतं. म्हणून पाण्याच्या रेषेच्या वर इपॉक्सीच्या दुरुस्तीवर प्रायमर आणि दोन डब्यांचा पॉलियुरेथेनचा रंग हा सुरक्षित मार्ग. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका लाकडी पट्ट्या, काचकापड आणि इपॉक्सीची आहे. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं शिडाने एकट्याने जग फिरणारे ते पहिले भारतीय. होडी दक्षिण महासागरातून गेली, जेलकोटवाचून काही अडलं नाही.

इपॉक्सी सुकल्यावर त्यावर बहुतेकदा मेणचट थर येतो. तो थिनरने पुसून जात नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने जातो. जुन्या होडीवरच्या पॉलिशच्या मेणाचं नेमकं उलट: ते थिनरनेच काढायचं, आणि पॉलिश पेपर लावण्याआधी. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि नंतर रंग त्या जागी फाटतो.

चकचकीत रंगाने खोट झाकते, हा समज फार खर्चाचा ठरतो. चकाकी प्रत्येक लाट दाखवते. म्हणून घासताना हाताच्या बोटांनी नव्हे, लांब फळीवर पेपर चढवून घासायचं. वर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून ठेवला की काम सोपं होतं: घासल्यावर जिथे काळं उरतं तिथे खड्डा आहे. आधी 80, मग 120, 220, 320 असा क्रम. मधला पेपर गाळला तर त्याचे ओरखडे रंगातून वर दिसतात. गडद रंगाची हौस असेल तर बनारसच्या मे महिन्याचा विचार करावा. गडद अंग तापतं आणि खालच्या काचकापडाची वीण वर उमटते.

पॉलियुरेथेनचा रंग कायम पाण्यात बुडालेल्या भागासाठी नसतो. तिथे तो फोड धरतो. तो फवारताना आयसोसायनेट उडतं, त्याला साधा मास्क पुरत नाही. घरगुती कामाला रोलर आणि लगेच मागोमाग हलका ब्रश, हेच बरं.

राहिला मुहूर्त. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैमध्ये, यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या काठावर येतात. नेमकी तेव्हाच हवा सर्वांत दमट. रंगाच्या वेळी पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश गरम हवा, नाहीतर न दिसणारं दव रंगाखाली अडकतं. त्यामुळे बंदीच्या काळात छपराखाली घासणं, धुणं आणि वाळवणं उरकावं, आणि रंगाला उघडीप पाहूनच हात घालावा. गंगेवर पूर ओसरून हवा कोरडी झाली की हेच काम जास्त सोपं जातं. सकाळचं दव उडून जाईपर्यंत डब्याचं झाकण उघडू नये.