माझगावची इस्राएली शाळा

किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपुरकर, दिव्याचे दिवेकर. कोकणातल्या गावांची आडनावं लावणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंनी शेकडो वर्षं आपला धर्म घरातच जपला. शनिवारी तेलघाणा बंद ठेवायचा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना म्हणायची. हिब्रू वाचणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी ही उणीव भरायला सुरुवात केली. मिशनऱ्यांनीही हातभार लावला. जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने विद्या घेतली, धर्म सोडला नाही. तरी आपल्या लेकरांना आपली अक्षरं दुसऱ्याच्या शाळेत शिकावी लागतात, ही बोच होतीच. हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1875 साली मुंबईत इस्राएली शाळा काढली ती त्यातूनच, असं मला वाटतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला हिब्रू शिकवणं सोपं नाही. ओळ उजवीकडून सुरू होते. ‘दालेत’ आणि ‘रेश’ ही अक्षरं जुळ्या भावंडांसारखी. दालेतला कोपरा असतो, रेशची पाठ गोल, एवढाच फरक. मराठी घरातल्या मुलाची एक सोय मात्र असते. मुलांच्या पुस्तकात स्वरांच्या खुणा अक्षराला बाहेरून लावलेल्या असतात: खाली एक ठिपका दिला की ‘इ’, शेजारी-शेजारी दोन दिले की ‘ए’. ज्याने काना-मात्रा गिरवली, त्याला ही रीत परकी नाही.

अक्षरं शाळेत, गोष्टी समाजात. 1880 पासून बेने इस्राएलांमध्ये मराठी कीर्तनं होऊ लागली. धर्मग्रंथातले मोशे आणि योसेफ मुलांना भेटले ते साकी-दिंडीतून. मुलाला ज्यू करण्यासाठी त्याचं मराठी काढून घ्यायची गरज नाही, ही या समाजाची समज मला फार मोलाची वाटते.

शाळेला खरा आकार दिला रिबेका रूबेन यांनी. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या या बाई 1922 ते 1950 मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याच काळात, 1930 नंतरच्या दशकात, शांघाय-हाँगकाँगचे बगदादी ज्यू व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं.

1948 नंतर बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला जाऊ लागली आणि पटावरची आष्टमकर, पेणकर ही नावं विरळ होत गेली. माझगावची ही शाळा मात्र बंद पडली नाही. बाकांवर आजूबाजूच्या वस्तीतली हिंदू, मुसलमान मुलं आली. आणि तिकडे गेलेल्यांनी इस्राएलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं.