लोहारकामातील पॉवर हॅमर व हायड्रॉलिक प्रेस : निवड, दुरुस्ती आणि वापर

प्रस्तावना : अलिबाग परिसरातील भातशेती व नारळ-सुपारीच्या वाड्यांना विळे, कोयते लागतात. परंपरेने लोहार तापलेले लोखंड सांडशीने ऐरणीवर धरतो व जोडीदार घण मारतो. महाराष्ट्रातील फिरत्या घिसाडी कुटुंबांत हे कष्टाचे काम बहुधा स्त्रियाच करीत आल्या आहेत. हे श्रम कमी करणे हा यांत्रिकीकरणाचा खरा हेतू होय.

विवेचन : पॉवर हॅमर म्हणजे यांत्रिक घण, त्याचे जलद आघात पाते लांबविण्यास उपयुक्त ठरतात. प्रेसचा संथ दाब जाड लोखंडाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. मात्र संपर्क अधिक काळ राहिल्याने लोखंड लवकर निवते. जुना हॅमर घेताना सांगाड्यातील तडे, सरकत्या भागांची झीज व बेअरिंग तपासावे. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेमुळे उघड्या भागांस नियमित वंगण आवश्यक असते. प्रेसच्या जीर्ण तेलनळ्या बदलाव्यात. भट्टीजवळ गळणारे तेल पेट घेऊ शकते.

निष्कर्ष : २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहारांचा समावेश आहे. तीतील अवजारांसाठीचे १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य अशा यंत्रास अपुरे पडते. म्हणून दोन टप्प्यांत मिळणाऱ्या ३ लाखांपर्यंतच्या कर्जाचा विचार करावा लागतो. यंत्र आल्यावर घण मारणाऱ्या स्त्रीस ते चालविण्याचे प्रशिक्षण मिळाले नाही, तर तिचे श्रम वाचतील. पण व्यवसायातील तिचे स्थानही जाईल.