मिग गेलं, उकाडा राहिला

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडच्या तळावर मिग-२१ला निरोप दिला गेला. हवाई दलप्रमुख स्वतः त्यातून उडाले, परतलेल्या विमानांवर पाण्याचे फवारे सोडले गेले, बासष्ट वर्षांच्या सेवेची गाथा वाहिन्यांवर दिवसभर चालली. १९७१चं युद्ध, कारगिल, अपघातांची मालिका, ‘उडती शवपेटी’ हे बदनाम नाव, सगळं बोलून झालं. कॉकपिटमधल्या उष्णतेबद्दल मात्र एकही वाक्य माझ्या कानावर आलं नाही. ते मला लागलं. कारण त्या उष्णतेत बसणाऱ्या मुलांचे पट्टे आवळून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

पहिल्या दोन दशकांवर मी फार रेंगाळत नाही. १९६३मध्ये मिग चंडीगडला आलं, मग नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि तिथून सहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडली. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला झाला, त्यात गुवाहाटीहून उडालेली मिग होती. ते युद्ध थंडीत लढलं गेलं. देशाच्या मनात मिगची प्रतिमा त्या डिसेंबरची राहिली. मे महिन्यातलं रोजचं उड्डाण कुणाच्या डोळ्यांपुढे आलंच नाही.

माझं दशक १९८०चं. राजस्थानातल्या एका तळावर मी एअरफ्रेम फिटर होतो. विमान ‘बिस’, म्हणजे मिग-२१ची तेव्हाची सर्वांत नवी आवृत्ती. सकाळी दहानंतर पंखाच्या पत्र्यावर उघडा हात टेकवता येत नसे. काचेच्या कॅनॉपीखालचं कॉकपिट बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेलं असे. कॅनॉपीवर कापडी आच्छादन टाकायचं, वैमानिक येईपर्यंत सीटवर ओलं फडकं ठेवायचं, एवढाच आमचा इलाज. ओव्हरऑल, त्यावर जी-सूट, हेल्मेट, ऑक्सिजन मास्क अशा पेहरावात तो आत उतरे. रेडिनेसची ड्युटी असली, तर तसाच पट्टे बांधून हुकमाची वाट पाहत बसे. इंजिन बंद म्हणजे थंड हवाही बंद.

इंजिन सुरू झाल्यावर तरी सुटका होती का? कॉकपिटला लागणारी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली असते आणि निघताना ती काही शे अंश तापलेली असते. आधी बाहेरच्या हवेवर तिचा ताप उतरवायचा, मग एका छोट्या टर्बाइनमधून तिला प्रसरण पावू द्यायचं, तेव्हा कुठे ती गार होते. मिगची जडणघडण झाली ती फार उंचावर जाऊन शत्रूचं विमान गाठण्यासाठी. तिथे बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या आसपास असतं. आम्ही त्याच विमानाला वाळवंटावर अगदी खालून उडायला लावलं. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर आदळणारी हवा त्या आदळण्यानेच तीसेक अंशांनी तापते. बाहेर ४२ अंश असतील, तर गार करायला आलेली हवा स्वतःच सत्तरीच्या घरात. रशियन संरचनाकाराला यात दोष देता येत नाही. त्याला जे काम सांगितलं गेलं, ते त्याचं विमान करत होतं. काम बदललं आम्ही, हवेची व्यवस्था मात्र तीच ठेवली.

खाली उतरल्यावर पोरांचे ओव्हरऑल पिळून काढावेत असे भिजलेले असत. शिडी लावली की काही जण क्षणभर तिच्या दांड्याला धरून उभे राहत. घामावाटे पाणी गेलं की वळणातला ‘जी’, म्हणजे गुरुत्वाचा वाढीव भार, सोसण्याची ताकद कमी होते, डोळ्यांपुढे लवकर अंधारी येते. लक्ष एकाच काट्यावर खिळतं, बाकीचे काटे सुटतात. आणि मिग-२१ तर ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला टेकणारं विमान. थकलेल्या मनाला चूक सावरायला ते वेळच देत नसे.

हे सगळं त्या काळी अज्ञात होतं असं कुणी म्हणू नये. बंगळुरूला हवाई वैद्यकाची संस्था १९५७पासून होती आणि तिथे उष्णतेच्या ताणावर अभ्यास होत होते. १९७९मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी हवेचं तापमान आणि आर्द्रता यांवरून लढाऊ वैमानिकावरचा ताण मोजणारा तक्ता प्रसिद्ध केला. तक्त्यातली धोक्याची पातळी आली की उड्डाणापूर्वीचा जमिनीवरचा वेळ कमी करा, असा त्याचा साधा सांगावा होता. आमच्या तळावर मात्र कॉकपिट गार करणारी ट्रॉली महिनोन्‌महिने नादुरुस्त पडून असे. मागणी केली की उत्तर येई: सैनिकाने सोसायला शिकावं, आमच्या वेळी हेसुद्धा नव्हतं. ते उत्तर मी आजही माफ केलेलं नाही. सोसणं हा सैनिकाचा गुण आहे, हे खरं. पण त्या गुणाच्या आधारावर एक सुटा भाग मागवण्याचं काम वर्षानुवर्षं टाळलं गेलं.

अपघात झाला की चौकशी बसे. इंजिन उघडलं जाई, इंधन तपासलं जाई, आम्हा फिटरांचे जबाब होत. ‘मानवी चूक’ हे शब्द अनेकदा कानावर आले. तो मुलगा उडण्याआधी किती वेळ त्या भट्टीत बसला होता, हे मला कुणी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं, कारण शिडी मीच काढलेली असे. प्रत्येक अपघात उष्णतेने झाला असं मी म्हणणार नाही. इंजिनं बंद पडली, पक्षी धडकले, नवख्यांना मधल्या टप्प्याचं जेट न देता थेट मिगवर बसवलं गेलं. अशा अपघातांसाठी नेमलेल्या ला फॉन्टेन समितीने १९८२मध्ये प्रगत जेट प्रशिक्षक विमान मागितलं होतं. तसं विमान, ‘हॉक’, सेवेत यायला २००८ उजाडलं. उष्णतेची बाजू मांडायला तर समितीही नव्हती.

पुढची वर्षं भराभर सरली. पुण्याच्या लोहगावला सुखोई आली, अंबाल्याला राफेल. एक बदल मात्र ठळक झाला. विमानातली इलेक्ट्रॉनिक्स वाढली आणि थंडाव्याचा प्रश्न एकाएकी मानाचा झाला. रडार तापलं की ते बंद पडतं, म्हणून त्यासाठी खर्च करायला कुणी हरकत घेत नाही. अमेरिकेच्या एफ-३५मध्ये उपकरणांची थंडाव्याची भूक मूळ आराखड्याच्या दुपटीवर गेली, तेव्हा तिथल्या लेखापरीक्षकांनी ती संसदेपुढे मांडली. वैमानिक तापला तर तो बंद पडत नाही, चुकत जातो. ती चूक त्याच्या नावावर लागते.

मिगच्या निरोपाच्या आदल्याच दिवशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला, बासष्ट हजार कोटींहून मोठा. १७ ऑक्टोबरला त्याच ओझरहून तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण वाळवंट निवळलेलं नाही. १९ मे २०१६ला फलोदीत ५१ अंश नोंदले गेले आणि फलोदीला हवाई दलाचा तळ आहे. म्हणून मागणी सरळ आहे. पट्टे बांधल्यापासून उतरेपर्यंतचं कॉकपिटचं तापमान प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीत यावं. मर्यादा ओलांडली की उड्डाण थांबवण्याचा अधिकार तळावरच्या डॉक्टरला असावा. जमिनीवरची थंड हवेची ट्रॉली नादुरुस्त असेल, तर विमानच नादुरुस्त धरावं. मिगच्या वेळी आराखडा परका होता, अशी सबब सांगता येत होती. तेजसचा आराखडा आपला आहे आणि मे महिनाही आपलाच आहे.