घरबांधणीतील तंटे आणि मध्यस्थी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यानुपिढ्या आहे. घर बांधताना पैसा जातो, झोप जाते आणि पुष्कळदा ज्याच्याशी सलोखा होता असा माणूसही दुरावतो, हा अनुभव तिच्यात साठलेला आहे. नवे घर बांधणे असो वा जुन्याची दुरुस्ती, घरमालक आणि ठेकेदार यांच्यात वाद निघाला नाही, असे काम विरळाच. वाद निघाला म्हणजे तो कोठे न्यावा, हा खरा प्रश्न असतो.

हे वाद बहुधा लबाडीतून उद्भवत नाहीत. कामाचा ठराव तोंडी झालेला असतो किंवा एका कागदावरच्या चार ओळींत आटोपलेला असतो. जुनी भिंत उकरल्यावर आतली माती भुसभुशीत निघते, वासे वाळवीने पोखरलेले आढळतात, आणि अंदाजपत्रकात नसलेले काम करणे भाग पडते. ‘करून टाका, मग पाहू’ असे मालक म्हणतो. पुढे बिल आले म्हणजे ‘पाहू’ या शब्दाचा अर्थ दोघे दोन प्रकारे लावतात. त्यातच बांधकामातील दोष लपणारे असतात. नळ भिंतीत गाडले जातात, सळया सिमेंटखाली जातात, आणि गच्चीचा उतार चुकला की नाही हे पहिला पाऊस पडेपर्यंत कळत नाही.

असा वाद न्यायालयात गेला तर काय होते? दोन्ही बाजू आपापला तज्ज्ञ उभा करतात, साक्षी होतात, तारखा पडतात. एवढ्या अवधीत एकदोन पावसाळे जातात. गळणारे छत गळतच राहते, किंवा दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतले तर मूळ दोषाचा पुरावाच नाहीसा होतो. अखेर निकाल लागला तरी न्यायालय बहुधा देऊ शकते ते पैसे. अर्धवट राहिलेले घर पुरे करून देणे हे हुकूमनाम्याचे काम नव्हे. उलटपक्षी ठेकेदाराची रक्कम अडकली म्हणजे त्याच्या हाताखालच्या गवंड्यांची आणि बिगाऱ्यांची मजुरीही अडकते, आणि त्यांना तर त्या दाव्यात स्थानच नसते.

तंटा घरच्या घरी मिटवावा, ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ साली अहवाल लिहिला. त्यात पंचायत हे न्यायदानाचे मुख्य साधन असल्याचे त्याने नमूद केले आहे. पंचांचा निर्णय मान्य करू असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधी लिहून देत. तथापि पंचायत आणि मध्यस्थी यांत एक मूलभूत भेद आहे. पंच निवाडा देतात. आजचा लवादही निवाडाच देतो आणि तो पक्षकारांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ मात्र निवाडा देत नाही. तो दोघांना एकत्र बसवितो, दोघांचे ऐकून घेतो, वादाचे मुद्दे सुटे करून दाखवितो आणि तोडगा त्यांच्याच तोंडून निघेल असा प्रयत्न करतो. तोडगा पटला नाही तर कोणीही उठून जाऊ शकतो. बोलणी गुप्त राहतात. तेथे एखाद्याने थोडी माघार घेतली म्हणून ती पुढे न्यायालयात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बेळगावातील एका कुटुंबाने जुन्या घराची कौले उतरवून त्यावर स्लॅब टाकून घेतला. ठराव ८ लाख रुपयांचा, पैकी ६ लाख दिलेले. ठेकेदार उरलेले २ लाख आणि वाढीव कामाचे ९० हजार मागतो. मालक म्हणतो, छताला ओल आली आहे, एक पैसाही मिळणार नाही, उलट सव्वा लाखाची भरपाई हवी. मध्यस्थ प्रथम दोघांची एकत्र बैठक घेतो. नंतर तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटतो, आणि खरी अडचण बहुधा याच भेटीत उलगडते. ठेकेदाराला मजुरांचे देणे चुकवायचे असते. मालकाला भरपाईपेक्षा पावसापूर्वी कोरडे छत हवे असते.

पुढे दोघांच्या संमतीने एकच अभियंता गच्ची पाहतो. एका कोपऱ्यात कोब्याचा उतार पन्हळीकडे नाही, हा दोष ठेकेदाराचा ठरतो. दुसऱ्या ठिकाणची ओल मालकाने मागाहून पाण्याची टाकी बसविताना पाडलेल्या भोकांतून आली आहे, असे दिसते. वाढीव काम प्रत्यक्ष मोजल्यावर ते ६० हजारांचे भरते. मग समेट होतो तो असा: ठेकेदाराने ३ आठवड्यांत कोबा नव्याने घालावा आणि भोकेही त्याच वेळी बुजवावीत. काम सुरू होताच मजुरीसाठी ५० हजार मिळावेत. गच्चीवर ४८ तास पाणी तुंबवून छत कोरडे राहिल्यास दीड लाख मिळावेत आणि उरलेले ६० हजार पावसाळा गळतीवाचून पार पडल्यावर मिळावेत. एवढ्या बारकाव्याचा तोडगा निकालपत्रात सहसा उतरत नाही. काम पाहिलेली आणि केलेली माणसेच तो योजू शकतात.

या मार्गाला कायद्याचा पाठिंबा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ दुरुस्त स्वरूपात २००२ पासून लागू झाले. त्यानुसार न्यायालय तडजोडीस योग्य वाटलेला दावा मध्यस्थीकडे पाठवू शकते. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विशद केला, तोही कोचीन बंदरातील पूल व रस्ते यांच्या कामावरून मुख्य ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्यात झालेल्या वादात. लवादाकडे जाण्यास दोन्ही पक्षांची संमती हवी, मध्यस्थीकडे मात्र न्यायालय संमतीवाचूनही पाठवू शकते, असे त्यात ठरले. बांधकाम व्यावसायिक आणि ग्राहक यांचे तंटे मध्यस्थीस योग्य आहेत, हेही तेथे सांगितले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ग्राहक आयोगांशी मध्यस्थी कक्ष जोडण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये सलोखा मंच सुरू केला. त्यात ग्राहक संघटनेचा एक आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा एक असे प्रतिनिधी एकत्र बसून नव्या सदनिकांविषयीचे वाद मिटवितात. २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र मध्यस्थी अधिनियम संमत केला. त्याची सर्व कलमे एकाच वेळी लागू झालेली नाहीत, म्हणून आपल्या प्रकरणी कोणते कलम लागू आहे हे वकिलाकडून समजून घेणे इष्ट.

मध्यस्थीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. बनावट कागदपत्रे किंवा गंभीर फसवणूक यांचा आरोप असेल, तर तो विषय न्यायालयाचाच. इमारतीच्या मजबुतीला धोका असेल, तर प्रथम रहिवाशांना सुरक्षित जागी हलवावे आणि मग बोलणी करावीत. शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घालणारी तडजोड दोघांनी केली तरी ती योग्य ठरत नाही. शिवाय केवळ खाजगी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार साधारणपणे २ वर्षांत करावी लागते. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा, देण्याची तारीख ठरलेली नसल्यास, काम झाल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. गोड बोलून मुदत उलटून जाऊ देणाऱ्या प्रतिपक्षापासून सावध राहिले पाहिजे.

समेट झाला तर तो लेखी असावा. कोणते काम, कोणत्या मालाने, कोणत्या तारखेपर्यंत, त्याची परीक्षा कोणी व कशी करावी आणि कोणत्या टप्प्यावर किती रक्कम द्यावी, हे सर्व त्यात स्पष्ट यावे. दावा न्यायालयात चालू असेल तर समेटपत्र न्यायालयापुढे ठेवून त्यावर हुकूमनामा घ्यावा. याहून उत्तम म्हणजे पायाची पहिली कुदळ मारण्यापूर्वीच ठरावात दोन कलमे घालावीत. वाढीव काम लेखी संमतीवाचून करू नये हे एक, आणि वाद झाल्यास प्रथम मध्यस्थाकडे जावे हे दुसरे. भिंत बुजविण्यापूर्वी आतल्या कामाची छायाचित्रे आणि मोजमापे दोघांच्या सह्यांनिशी जपून ठेवावीत. एवढी दक्षता घेतली तर पुष्कळसे तंटे उद्भवणारच नाहीत. जे उद्भवतील तेही पाऊस सुरू होण्यापूर्वी मिटविता येतील, घराचे छत कोरडे राहील आणि ते घालणाऱ्याची मजुरीही त्याच्या हाती पडेल.