सातबाऱ्यावरचं ३२ म आणि भाऊसाहेब हिरे

सटाणा-मालेगाव भागातल्या कित्येक जुन्या सातबाऱ्यांवर '३२ ग', '३२ म', '४३' असे आकडे दिसतात. त्यामागे शेजारच्याच निमगावचा (ता. मालेगाव) माणूस आहे: भाऊसाहेब हिरे.

मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८ चाच. पण कुळाला थेट मालक करण्याची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीतून आली. तेव्हा मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात महसूल खातं हिऱ्यांकडे होतं. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ, काही अपवाद सोडले तर, कायद्यानेच खरेदीदार मानलं गेलं. मग शेतजमीन न्यायाधिकरणाने ३२ ग खाली किंमत ठरवायची, साधारणपणे आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. पैसे फिटले की ३२ म चं प्रमाणपत्र. ४३ म्हणजे विक्रीवरचं बंधन. ते २०१४ मध्ये बरंच सैल झालं.

माझ्या मते हे त्यांचं सर्वांत मोठं काम. आपल्याकडे मात्र १९५२ साली त्यांनी काढलेली महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्थाच जास्त आठवते. १९५६ ला नेतेपदाच्या लढतीत ते यशवंतराव चव्हाणांकडून हरले, नाहीतर मुख्यमंत्री आपल्या कसमादेचा असता!

घरात जुने फेरफार उतारे असतील तर काढून बघा.