सुरतेच्या नावाचा किनारा

कापडाच्या धंद्यातला माणूस सुरत हे नाव कुठेही दिसले तरी थांबतोच. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कॅटलिन्स नावाच्या विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर, ओवाका गावाजवळ 'सुरत बे' आहे. लंडनहून वसाहतीचे लोक घेऊन निघालेले 'सुरत' जहाज १८७४ च्या पहिल्याच दिवशी इथे फुटले. माणसे वाचली, जहाज गेले, नाव राहिले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही सहकुटुंब डुनेडिन ते इन्व्हरकार्गिल हा मुलूख कॅम्परव्हॅनने पाहिला. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सारे गाडीतच. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी. हॉटेलचा खर्च वाचतो खरा, पण करारनामा नीट वाचावा. डिझेल गाडीवर किलोमीटरमागे सरकारी कर निराळा असतो, आणि नुकसान झाल्यास विम्याआधी आपल्या खिशातून किती जाणार, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. हलाल गोश्त, तांदूळ, मसाला आम्ही डुनेडिनलाच भरून घेतला.

सुरत बेच्या वाळूवर समुद्रसिंह पडलेले असतात. लांबून ओंडकेच वाटतात. नर तीन-चारशे किलोचा. वीस मीटर दूर राहावे. पुढे पॉरपॉइज बेमध्ये हेक्टर्स डॉल्फिन दिसले. जेमतेम दीड मीटर लांबी, पाठीवरचा पर गोल. ही जात न्यूझीलंडच्या पाण्याबाहेर नाही.

पण आम्ही गेलो होतो ते पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनसाठी. माओरी लोक त्याला होइहो म्हणतात. तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. नगेट पॉइंटजवळ रोअरिंग बेला लाकडी आडोशामागे आम्ही दीड तास गप्प बसलो (आमच्या घरच्यांना हे किती कठीण, ते आम्हीच जाणतो). अखेर एकच पक्षी लाटेतून वर आला, बराच वेळ उभा राहिला आणि झाडीत शिरला. किनाऱ्यावर माणूस दिसला तर तो पाण्यातच थांबतो आणि घरट्यातली पिल्ले उपाशी राहतात. मासेमारीची जाळी, समुद्रातील अन्नटंचाई आणि पिल्लांचे रोग यांनी त्याला आधीच घेरले आहे. आज मुख्य भूमीच्या बाजूला दोनशेहून कमी जोड्या उरल्या आहेत. या किनाऱ्यावरील गाडीतळ, चहाची दुकाने, भाड्याच्या गाड्या यांचे कितीतरी गिऱ्हाईक याच पक्ष्याच्या नावाने येते. ओटागो द्वीपकल्पावर एका शेतकऱ्याने १९८० च्या दशकातच हा हिशोब ओळखला. त्याने आपल्या जमिनीवर पेंग्विनसाठी जागा राखली आणि तिकिटाच्या पैशातून त्यांची देखभाल केली.

आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायची राहिली. फरच्या व्यापारासाठी १८३७ पासून ऑस्ट्रेलियातून पॉसम आणला गेला. तो जंगल आणि पक्ष्यांची अंडी खात सुटला. आता त्याचीच लव मेरिनो लोकरीत मिसळून मोजे, स्वेटर विणतात. माल हाताला हलका, ऊब भरपूर, किंमत मात्र चढी. दोन जोड घेतले. वीण सुटी करून पाहण्यासाठी एक जोड दुकानात ठेवला आहे.