एका कानातला हेडफोनही नको

मागून येणारी गाडी डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळते. आवाज दोन्ही कानांपर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. म्हणून एकाच कानात हेडफोन असला तरी हॉर्न नेमका कुठून वाजला ते चटकन समजत नाही.

फ्रान्समध्ये 1 जुलै 2015 पासून गाडी किंवा सायकल चालवताना एका कानातही हेडफोन चालत नाही. दंड 135 युरो. आपल्याकडे मोबाईल हातात धरून गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 प्रमाणे गुन्हा आहे. सायकलला हे कलम लागू नाही. धोका मात्र तेवढाच.

डिलिव्हरीला, क्लासला निघालेल्या मुलांना एवढेच सांगा: फोन आला तर आधी कडेला थांब, मग बोल.